भोक पाडण्याआधी टकटक करा!

तुमच्याही फोनमध्ये तो व्हिडिओ 'सेव्ह' केलेला असणार, पैज लावते. डोंगराच्या कडेला उभा छोटासा कॅम्पर ट्रेलर, दार उघडं, आत पिवळ्या दिव्यांची माळ, भिंतीवर लाकडी फळी, फळीवर मनी प्लांट आणि खाली हुकांना लटकलेले चार मग. मागे गिटार. आपण हॉस्टेलच्या खाटेवर पडून तो बघतो आणि ठरवून टाकतो, नोकरी लागली की पहिलं हेच. मीही ठरवलं होतं. पण एक गोष्ट त्या व्हिडिओत कधीच सांगत नाहीत. ती फळी भिंतीला धरून ठेवलीये कशाने?

हा प्रश्न मला ताम्हिणी घाटात पडला. आधी फळी पडली, मग प्रश्न.

माझा मावसभाऊ आणि त्याचे दोन मित्र, तिघेही मेकॅनिकलवाले. त्यांनी फॅब्रिकेटरकडून सांगाडा बनवून घेऊन एक छोटा कॅम्पर ट्रेलर उभा केला. दोन जणांना झोपता येईल एवढी जागा, एक ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी. पुढे एसयूव्ही, मागे हा. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून दिवेआगरला निघालो होतो. घाट उतरताना समोर अचानक म्हैस आली, दादाने ब्रेक मारला आणि मागून डबा आपटल्यासारखा आवाज झाला. जागा बघून गाडी बाजूला घेतली आणि ट्रेलरचं दार उघडलं. भिंतीवरची फळी एका ब्रॅकेटवर लोंबकळत होती. तिच्यावरचा कुकर गादीवर पडला होता, जिथे मी आदल्या रात्री उशी ठेवली होती अगदी तिथे.

आत कुणी नव्हतं. ट्रेलर चालू असताना आत कुणीही बसायचं नाही, हा त्या तिघांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. तो तुमचाही असू द्या. मित्र कितीही म्हणाले, "अरे, मी मागे झोपतो ना", तरी नाही म्हणजे नाही.

आम्ही स्क्रू बघितले. एकही तुटला नव्हता, वाकलासुद्धा नव्हता. सगळे फळीच्या ब्रॅकेटमध्ये शहाण्यासारखे बसलेले. फाटला होता तो भिंतीचा प्लाय. दादा बराच वेळ त्या भोकांकडे बघत राहिला. फळी त्यानेच लावली होती.

भिंत कुठाय?

घरी आपण काय करतो? ड्रिलने भोक, त्यात गिट्टी, गिट्टीत स्क्रू. मागे विटांची भरभक्कम भिंत असते, ती सांभाळून घेते. कॅम्परमध्ये तसं काही नाही. दादाच्या ट्रेलरची भिंत बाहेरून आत अशी आहे: बाहेर पत्रा, मग २५ मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी पाइपांचा सांगाडा, पाइपांच्या मधल्या जागेत थर्माकोलसारखा फोम आणि आतून ४ मिलिमीटरचा प्लाय. सगळं मिळून जेमतेम सव्वा इंच. म्हणजे दोन इंची स्क्रू जोशात फिरवलात तर तो ट्रेलरच्या बाहेर डोकं काढून कोकण बघेल.

अमेरिकेत जे कारखान्यात बनलेले ट्रेलर असतात त्यांच्यातही साधारण हीच गोष्ट आहे. जुन्या पद्धतीत लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेर अॅल्युमिनियमचा पत्रा, आत पातळ प्लाय. नव्या पद्धतीत अॅल्युमिनियमचे पाइप, मध्ये फोम आणि दोन्हीकडचे पातळ थर दाबून चिकटवलेले, सँडविचसारखे. १९३०च्या दशकापासून बनणारे ते चकचकीत एअरस्ट्रीम तर आतूनही अॅल्युमिनियमचेच, तिथे काही लावायचं तर रिवेटचा हिशोब आला. प्रकार कुठलाही असो, आतली बाजू म्हणजे फक्त कातडी. हाडं मागे, आणि तीही ठरावीक अंतरावर.

दादाचे स्क्रू पाऊण इंची होते. लांबीचं गणित त्याने बरोबर केलं होतं, बाहेर यायला नकोत म्हणून. पण ते बसले दोन पाइपांच्या मध्ये. म्हणजे ४ मिलिमीटर प्लायमध्ये स्क्रूचे जेमतेम दीड-दोन आटे धरलेले आणि उरलेला स्क्रू फोममध्ये हवा खात होता.

दिवेआगरहून आम्ही सगळं सामान जमिनीवर ठेवूनच परत आलो. पुण्यात दादाच्या ओळखीच्या एका सुतारकाकांना ट्रेलर दाखवला. त्यांनी फाटलेल्या भोकात करंगळीचं नख घालून बघितलं आणि मला विचारलं, "पोरी, भरलेली कळशी तू कुणाच्या सदऱ्याला टांगशील का?"

"नाही."

"मग हा प्लाय म्हणजे सदराच आहे. टांगायचं ते खांद्याला."

दोन किलोचा कुकर बत्तीस किलोचा कसा होतो

तुम्ही म्हणाल, एका कुकरचं आणि दोन डब्यांचं असं वजन ते किती? मीही हेच म्हटलं होतं. अकरावीचं फिजिक्स थोडं आठवा.

घरातली फळी एकाच दिशेला ओढली जाते, खाली. तीही शांतपणे, वर्षानुवर्षं. पण फळी भिंतीतून बाहेर आलेली असते, त्यामुळे ब्रॅकेट तरफेसारखा वागतो. खालचं टोक भिंतीत रुततं आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. फळी १० इंच रुंद, तिच्यावर मधोमध ५ किलो सामान आणि ब्रॅकेटची उंची ४ इंच असेल, तर वरच्या स्क्रूंवर साधारण ६ किलोची ओढ येते. भिंतीपासून दूर, सरळ बाहेर. हे ट्रेलर उभा असताना. चालू ट्रेलर खड्ड्यात आपटला की हीच ओढ क्षणभर दुप्पट-तिप्पट होते. आपल्या रस्त्यांवर असे क्षण किती येतात ते मी सांगायला नको. प्रत्येक धक्क्याला भोक केसभर मोठं होतं. ताम्हिणीतल्या म्हशीने फक्त शेवटचा धक्का दिला.

आणि ब्रेकऐवजी धडक झाली तर? ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ६० सेंटीमीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे १६ पट जोर येतो. दोन किलोचा कुकर बत्तीस किलोचा. ट्रेलरमध्ये तो निदान रिकाम्या गादीवर जाईल. पण हल्ली बरेच जण ट्रेलरऐवजी व्हॅनचाच कॅम्पर करतात. राज्य सरकारने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून तर हा शब्द आपल्याकडे चांगलाच रुळलाय. व्हॅनमध्ये फळीच्या पुढे माणसं बसलेली असतात. तुमचे मित्र, तुमची आई.

टकटक, चुंबक आणि फोनची गॅलरी

म्हणून ड्रिल मशीन हातात घेण्याआधी मागे काय आहे ते शोधायचं. सुतारकाकांनी आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवत नेली. पोकळ, पोकळ, पोकळ, मग एकदम भरीव. मग एक लहानसं जोरदार चुंबक कापडात गुंडाळून भिंतीवर फिरवलं, जिथे लोखंडी पाइप तिथे ते चिकटलं. पेन्सिलने खुणा करत करत त्यांनी दहा मिनिटांत अख्खा सांगाडा प्लायवर काढून दाखवला. एक्स-रेच म्हणा ना.

तुमचा सांगाडा अॅल्युमिनियमचा असेल तर चुंबक त्याला चिकटणार नाही. पण प्लाय ज्या स्क्रूंनी किंवा पिनांनी बसवलाय त्या बहुधा लोखंडी असतात, चुंबक त्या दाखवतं. त्या एका ओळीत दिसल्या की समजा, मागे पट्टी आहे. बाहेरच्या पत्र्यावरच्या रिवेटच्या रांगाही हीच चुगली करतात. दिव्याची किंवा स्विचची चौकट उघडून आत टॉर्च मारला तरी बरंच कळतं.

सगळ्यात सोपा उपाय मात्र आम्ही घालवला होता. ट्रेलर नवीन बनवत असाल तर प्लाय ठोकण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, मेजरिंग टेप धरून. आमच्या दादाच्या गॅलरीत ट्रेलरसोबतचे तिघांचे दोनशे सेल्फी आहेत, उघड्या भिंतीचा फोटो एकही नाही.

हे सगळं फक्त पाइप सापडावा म्हणून नाही. भिंतीत वायरही असते आणि पाण्याची नळीसुद्धा. दादाच्या मित्राने टॉवेलचा हुक लावताना एकदा वायरीतूनच स्क्रू घातला होता. एकदम अंधार झाला. सगळे हसले, फ्यूज उडाला म्हणून. त्यावर सुतारकाका हसले नाहीत. ट्रेलरमधली वायर १२ व्होल्टची, म्हणून शॉक बसत नाही, हे खरं. पण शॉर्ट झाल्यावर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडू शकते. फ्यूज नसता तर ती वायर प्लाय आणि फोमच्या मधोमध तापून लाल झाली असती. आणि बाहेरून घेतलेल्या २३० व्होल्टच्या वायरीत स्क्रू गेला तर अख्खा लोखंडी सांगाडाच जिवंत होऊ शकतो, बाहेर जमिनीवर उभं राहून दाराची कडी धरणाऱ्यासकट. तेव्हा काम सुरू करताना बॅटरी तोडा, बाहेरचा प्लग काढा. स्विचपासून वर-खाली सरळ रेषेत वायर असणारच असं धरून तो पट्टा सोडून द्या. २३० व्होल्ट आत घेत असाल तर आरसीसीबी हवाच, त्यावर वाद नको.

मग लावायचं कसं?

काकांची पद्धत मला आवडली, कारण तिच्यात नशिबावर काही सोडलेलं नव्हतं. फळी जिथे हवी तिथे पाइप नव्हताच. दोन पाइप दोन बाजूंना, फळी मध्ये. मग त्यांनी १२ मिलिमीटर प्लायची चार इंच रुंद पट्टी कापली. ती त्या दोन्ही पाइपांवर आडवी टाकून पाइपांमध्येच घट्ट बसवली आणि ब्रॅकेट त्या पट्टीला लावले. वजन फळीवरून पट्टीवर, पट्टीवरून पाइपांवर. मधल्या चार मिलिमीटरच्या सदऱ्याला कामच नाही.

पाइपमध्ये स्क्रू घालायचे ते स्वतःच भोक पाडणारे, टोकाला ड्रिलसारखी धार असलेले. लांबीचा हिशोब कागदावर मांडायचा: पट्टी १२, प्लाय ४, पाइपची जाडी २, म्हणजे १८. आटे नीट धरावेत म्हणून वर थोडं. काकांनी २५ मिलिमीटरचे घेतले. ते पाइपच्या पोकळीत थांबतात, पलीकडच्या पत्र्याला टोचत नाहीत. ड्रिल वापरायचंच असेल तर बिटवर हव्या त्या लांबीला रंगीत टेप गुंडाळा. टेप भिंतीला टेकला की थांबायचं. इतकी साधी युक्ती आहे, पण बाहेरच्या पत्र्यातली कित्येक भोकं तिने वाचतात. एकदा बाहेर भोक पडलं की जूनमध्ये पाऊस आत येणार. तो आधी दिसत नाही, प्लाय मऊ पडल्यावर दिसतो.

जड गोष्टींसाठी, म्हणजे बॅटरीचा बॉक्स किंवा घडीचं टेबल, रिवेट नट घ्यावेत. पाइपला भोक पाडून ही छोटी आट्यांची नळी आत घालायची आणि तिच्या हत्याराने ओढायची. ती मागून फुलते आणि अडकून बसते, पुढे तिच्यात बोल्ट फिरवायचा. पातळ पाइपमध्ये स्क्रूपेक्षा हे कितीतरी भरवशाचं, आणि वस्तू हवी तेव्हा काढताही येते. बोल्टखाली मोठा वायसर घाला. जिथे नट लागतो तिथे आत नायलॉनचं कडं असलेला नट घ्या, तो थरथरीने सैल होत नाही.

आणि चिकटवायचं? हा प्रश्न सगळेच विचारतात, कारण भाड्याच्या घरात आपण सगळे चिकटवूनच जगतो. चांगला डबल टेप खोटा नसतो. थ्रीएमचा व्हीएचबी टेप तर भरपूर वजन घेतो, पण त्याला वेळ लागतो. खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत साधारण निम्मी पकड, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण पकड यायला ७२ तास. आपण लावून पाचव्या मिनिटाला वस्तू टांगतो आणि टेपला शिव्या घालतो. जागा आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग टेप जोरात दाबा. तरीही एक लक्षात ठेवा, टेप प्लायला चिकटत नाही. तो प्लायवरच्या रंगाला किंवा वॉलपेपरला चिकटतो. तो थर सुटला की टेपसकट सगळं खाली. दिव्यांची माळ, फोटो, कॅलेंडर यांना टेप ठीक. डोक्यावर पडलं तर लागेल असं काहीही टेपवर नको.

(पीजीत राहणाऱ्यांनो, तुमच्या दोन खोल्यांमधल्या त्या पोकळ वाजणाऱ्या जिप्समच्या पार्टिशनलाही यातलं बरंच लागू होतं. टकटक करून बघा. शेजारणीला आधी सांगा.)

सगळंच भिंतीवर कशाला?

इथे मी माझं मत देणार आहे. त्या सुंदर व्हिडिओंमधली निम्मी वजनं भिंतीवर असायलाच नकोत. जड सामान खाली, जमिनीजवळ आणि चाकांच्या जवळपास ठेवावं. उंचावर वजन वाढलं की वळणावर ट्रेलर जास्त कलंडतो. मागच्या टोकाला वाढलं की पुढचा जोड हलका होतो, वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो आणि पुढची गाडीही ओढली जाते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर असावा असा ठोकताळा आहे. मागच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट ठोकण्याआधी हा विचार करा. पुस्तकं जड असतात, हे लायब्ररीतून हॉस्टेलपर्यंत चालत गेलेल्यांना माहितीये.

उशीच्या वर काहीही जड लावायचं नाही. आमच्या ट्रेलरमध्ये हा आता दुसरा नियम आहे. फळीला पुढून दोन इंचांची कड हवीच, प्रवासात वरून इलॅस्टिकची दोरीही. टीव्ही लावणार असाल तर प्रवासात काढून गादीत गुंडाळता येईल असा ब्रॅकेट घ्या, किंवा निदान हात जागेवर लॉक होणारा.

दोन गोष्टी मात्र भिंतीवर असायलाच हव्यात आणि नेमक्या त्याच व्हिडिओत दिसत नाहीत. पहिली, आग विझवायचा सिलिंडर. तो दाराजवळ, धातूच्या पट्ट्यात, थेट पाइपवर बसवलेला हवा. आगीच्या पलीकडे असलेला सिलिंडर काय कामाचा? दुसरी, गॅस गळती सांगणारा अलार्म. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर साचतो, म्हणून हा अलार्म खाली, जमिनीजवळ लावतात. आमच्या तिघा इंजिनीअरांनी तो छताजवळ लावला होता, "धुराचा असतो तसा". तो काढून खाली आणायला काकांना पाच मिनिटं लागली. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो, तो कुठे लावायचा हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

काम झाल्यावर काकांनी फळीवर दोन्ही हात ठेवले आणि स्वतःचं बरंचसं वजन तिच्यावर टाकलं. मग पुढे ओढून बघितली. "आता दहा किलोमीटर फिरवून आणा आणि परत स्क्रू बघा. पहिल्या फेरीत बसतात ते बसतात, सुटायचे ते सुटायला लागतात."

पण सुटायला लागलाय हे कळणार कसं? केसभर फिरलेला स्क्रू डोळ्यांना दिसत नाही. यंत्रांच्या दुनियेत यावर जुना उपाय आहे. स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर रंगाची एक सरळ रेघ ओढायची. स्क्रू फिरला की रेघ तुटते. दादा रंग शोधायला लागला. मी पर्समधून नेलपॉलिश काढलं. लाल, जवळपास संपलेलं. आठही स्क्रूंवर रेघा ओढल्या.

पुढच्या महिन्यात पुन्हा ताम्हिणी उतरलो. या वेळी म्हैस भेटली नाही, खड्डे तेच होते. माणगावला चहाला थांबल्यावर मी टॉर्च घेऊन आत गेले. सात रेघा सरळ. उजवीकडचा वरचा स्क्रू मात्र किंचित फिरला होता, रेघ मधोमध तुटली होती. मी हाक मारली. दादा चहाचा ग्लास तसाच बोनेटवर ठेवून स्क्रू ड्रायव्हर शोधत आला.